शेतातली कसदार माती कुंडीत दगड का होते?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या रो-हाऊसच्या गच्चीवर मोठ्या कुंड्या आणि अर्धे कापलेले निळे ड्रम मिळून 18 झाडं आहेत: लिंबू, चिकू, अंजीर, कढीपत्ता, पारिजातक, मोगरा, दोन-तीन गुलाब. चार वर्षांपूर्वी त्यांच्या भावानं निफाडजवळच्या माहेरच्या द्राक्षबागेतली काळी माती टेम्पोनं आणून दिली. तळाशी विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत अशी भरणी केली. पहिली दोन वर्षं झाडं जोमात होती. आता माती दगडासारखी झाली आहे. पाणी एक तर वर साचून राहतं, नाही तर घातल्याबरोबर खालून निघून जातं. लिंबाची नवी पानं पिवळी येतात, फक्त शिरा हिरव्या. चिकू जागचा हलत नाही. राख, अंड्याची टरफलं, हाडांचं चूर्ण, दर आठवड्याला जीवामृत, सगळं करून झालं. यजमान म्हणतात, ही माती फेका आणि तयार मिश्रणाच्या पिशव्या आणा. मुलाला स्लॅबची धास्ती आहे. ताई लिहितात, "भावानं एवढ्या मायेनं आणलेली माती टाकून द्यायला जीव होत नाही. पाऊस तोंडावर आलाय. माती चुकली की माझ्याच हाताचा गुण गेला?"

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलेलं आधी घेते, कारण तो सल मनात ठेवून तुम्ही खुरपं हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. हाताचा गुण असा जात नसतो. तुमच्या पत्रात हयगयीची एकही खूण नाही. दिसतो तो काळजीचा मारा. झाड पिवळं पडलं की ते उपाशी असणार असं आपण धरून चालतो आणि खत वाढत जातो. तुमची झाडं उपाशी नाहीत. त्यांची मुळं गुदमरली आहेत, आणि गुदमरलेल्या मुळांपुढे कितीही वाढलं तरी त्यांना ते उचलता येत नाही.

यामागे एक समजूत आहे, ती आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्यावर कुणी शंकाही घेत नाही. निफाडची काळी माती म्हणजे सोनं, तेव्हा ती कुंडीतही सोनंच असणार! शेतात ती सोनं आहे याबद्दल वाद नाही. काळ्या मातीत चिकणमातीचे अतिशय बारीक कण असतात, 2 मायक्रॉनहूनही लहान. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते. शेतात हाच तिचा मोठा गुण. खाली कित्येक फूट खोली असते, पाणी सावकाश झिरपत जातं, वैशाखात पडलेल्या भेगांतून हवा आत शिरते, गांडुळं आणि जुन्या मुळांच्या वाटा असतात, वरून कुळव फिरतो. कुंडीत यातलं काहीच नाही. दीड फूट खोली, चहूबाजूंनी भिंत आणि वरून रोजचं पाणी. दर पाण्याबरोबर कण थोडे-थोडे खाली बसतात आणि मधल्या पोकळ्या बुजत जातात. भरताना घातलेलं शेणखत होतं तोवर त्या पोकळ्या टिकल्या. ते कुजून संपलं तशी माती बसली. पहिली दोन वर्षं झाडं का हसत होती आणि तिसऱ्या वर्षी काय बिघडलं, त्याचं उत्तर इथं आहे. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं नाही. खत संपलं आणि त्याच्या जागी मातीला मोकळं ठेवणारं दुसरं काही आलं नाही.

पाणी कधी साचतं, कधी धावत सुटतं, हे कोडंही यातूनच सुटतं. काळी माती वाळली की तिचा गड्डा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. बोटाचं टोक जाईल एवढी फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं पाणी पोटभर झालं, निचराही छान आहे. प्रत्यक्षात गड्ड्याचं पोट कोरडं ठणठणीत असतं. पावसाळ्यात तोच गड्डा फुगून फट बंद करतो आणि वर तळं होतं. उन्हाळ्यात झाड तहानलेलं, पावसाळ्यात बुडालेलं, तेही त्याच कुंडीत.

आता विटांच्या तुकड्यांबद्दल. निचऱ्यासाठी तळाशी चार इंच विटा किंवा खडी घालायची हे जवळपास प्रत्येक नर्सरीवाला सांगतो, त्यामुळे तुम्ही ते केलंत यात नवल नाही. पण एकदा घरी हे करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली म्हणून खालचं पाणी सुटलं. तरीही उभ्या स्पंजाच्या तळाशी एक ओलाकिच्च पट्टा उरतो, तो काही केल्या गळत नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा पट्टा असतो. माती जितकी बारीक तितका तो जाड. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही; वरची माती तुडुंब भरेपर्यंत ते तिथंच अडून राहतं. म्हणजे विटांचा थर घातला की तो ओला पट्टा नाहीसा होत नाही, चार इंच वर सरकतो. मुळांना मिळायची कोरडी, हवेशीर जागा तेवढीच घटते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे. तुमच्या त्या विटा मात्र जपून ठेवा, पुढे फार कामाच्या आहेत.

लिंबाच्या पिवळेपणाचं तुम्ही जे बारकाईनं लिहिलंत त्यामुळे माझं काम सोपं झालं. जुनी, खालची पानं आधी आणि सगळीच पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी असतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची ओळखीची खूण. गंमत अशी की तुमच्या मातीत लोह असणारच. ते चुनखडीमुळे अडकून पडलंय. आपल्या भागातल्या काळ्या मातीत मुक्त चुनखडी बऱ्याचदा असते आणि सामू (पीएच) साडेसात-आठच्या पुढे गेला की लोह मुळांना मिळेनासं होतं. थोडी कोरडी माती बशीत घ्या, ढेकळं चुरा, वर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू आली, मातीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उठले, की चुनखडी भरपूर आहे. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे काही झालं नाही तर ती नाहीच असं समजू नका. नेमका आकडा हवा असेल तर गंगापूर-गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठातल्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीची चौकशी करा आणि सामू व विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते यावरून कळतं) हे दोन आकडे नक्की मागा. तुमच्या भावाला हे सगळं सांगावं लागणार नाही. क्षारांचा आणि पाण्याच्या ताणाचा त्रास सोसावा म्हणूनच आपले बागायतदार डॉगरीज नावाच्या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात.

यावर तुम्ही घातलेली राख बघा. राख सामू वाढवते. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा तीच चुनखडी. हाडांचं चूर्ण अशा मातीत विरघळायलाच तयार नसतं. तिन्ही थांबवा, ताई. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत कुणाला राखेनं फायदा झाला असेल. तिथला उपाय निफाडच्या मातीत उलटा पडतो. जीवामृतालाही तूर्त सुट्टी द्या. गूळ आणि बेसन मिळालं की जिवाणू भराभर वाढतात आणि वाढताना प्राणवायू वापरतात. मोकळ्या मातीत ते ठीक. जिथं हवाच नाही तिथं मुळांच्या वाट्याची उरलीसुरली हवाही त्यात जाते.

लिंबाला तातडीचा दिलासा म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा, पानं भाजली नाहीत तर सगळ्या झाडावर. मुळाशी द्यायचं असेल तर भावाकडे लोहाचं चिलेट, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना मिळेल अशा रूपातलं लोह, असेलच, फक्त ते ईडीडीएचए आहे का विचारा. ईडीटीए प्रकारचं चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. पण हा प्रथमोपचार झाला. मातीचं काम केल्याशिवाय पुढची पालवी पुन्हा पिवळीच येईल.

पत्रात तुम्ही ओझरता केलेला एक उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून निघणारं पाणी तुम्ही बादलीत साठवून झाडांना घालता, आणि उन्हाळ्यात कॉलनीच्या बोअरचं. पाणी वाचवायची तुमची तळमळ मी समजू शकते. पण शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार आरओच्या त्या टाकाऊ पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा, कुंडीत नको. बोअरचं पाणीही बहुधा जड असतं. शेतातले क्षार पावसानं खोल धुऊन जातात. कुंडीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या कडेला आणि भोकाभोवती पांढरी खरपुडी दिसते ना, ते हेच. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी यापेक्षा खूप सौम्य. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालेल. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे पाऊस. पहिले दणक्याचे पाऊस पडू लागले की कुंड्या वळचणीखालून बाहेर उघड्यावर ओढा, बशा काढून टाका आणि खालून पाणी वाहू द्या. पाऊस लांबला तर कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट नळाचं पाणी एकाच दिवशी सावकाश सोडून धुवा. हे धुणं माती मोकळी केल्यावरच करायचं. बसलेल्या मातीत तेवढं पाणी ओतलं तर मुळं सडतील.

आता यजमानांच्या सूचनेकडे येऊ. त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं: आहे तशी माती ठेवता येणार नाही. पण सगळी फेकून तयार पिशव्या भरणं हा झाडांसाठी दीर्घकाळ टिकणारा उपाय नव्हे. त्या मिश्रणात बहुतेक कोकोपीट आणि खत असतं. मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो यांना ते छान. ज्या लिंबानं तिथं दहा वर्षं उभं राहायचं आहे त्याच्यासाठी ते फार हलकं. उन्हाळी वावटळीत झाड कुंडीसकट कलंडतं. कोकोपीट कुजत-कुजत दोन वर्षांत खाली बसतं. एकदा कोरडंठाक झालं की पाणी वरून घरंगळतं, आत शिरत नाही. नीट धुतलेलं नसेल तर त्यात मीठही असतं. शिवाय अन्नद्रव्यं धरून ठेवायची जी ताकद चिकणमातीच्या कणांत आहे ती त्यात कमी. म्हणून फळझाडाच्या कुंडीत थोडी खरी माती हवीच, आणि ती तुमच्या गच्चीवर आहे. भावाची माती टाकायची नाही, तिचं प्रमाण कमी करायचं आहे.

मी हे मिश्रण सुचवेन. जुनी काळी माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक भाग, धुतलेलं कोकोपीट किंवा भाताचं जुनं तूस एक भाग, आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे फोडलेले विटांचे तुकडे एक भाग. तळाशी घातलेल्या तुमच्या विटा इथं कामी येतात. हातोडीनं फोडा, चाळणीनं पिठी काढून टाका, दाणे तेवढे ठेवा. भाजलेली वीट कुजत नाही, पोटात थोडं पाणी धरते आणि दोन दाण्यांमध्ये हवेला जागा ठेवते. वाळूबद्दल बरेच जण विचारतात. काळ्या मातीत दोन-चार मुठी वाळू घातली तर ती चिकणमातीत रुतून बसते आणि गड्डा आणखी घट्ट होतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. तूस इगतपुरीकडच्या भातगिरणीतून मिळू शकतं. ताजं असेल तर पावसात महिनाभर भिजू द्या, नाही तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं. शेणखताची परीक्षा नाकानं करा. शेणाचा वास येत असेल, हाताला कोमट लागत असेल, तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी येते आणि मुळंच खाऊन टाकते. त्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या जुन्या मातीत सापडल्या तर वेचून काढा, आणि 100 लिटर मिश्रणाला दोन-तीन किलो निंबोळी पेंड घाला.

भावाला एक गोष्ट विचारून घ्या: माती बागेच्या ओळीतली होती की बांधाकडची? द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मोरचुदाचा, म्हणजे बोर्डोचा फवारा होतो. त्यातलं तांबं वाहून जात नाही, वरच्या थरात साठत राहतं. लिंबू-चिकूला मी ती माती एक भागापुरती वापरेन. पालेभाज्या मात्र तिच्यात लावणार नाही.

काम एका दमात करू नका, ताई. अठराही कुंड्या एका आठवड्यात उपसल्या तर तुमची कंबर आणि झाडं, दोन्ही बसतील. या पावसाळ्यात सर्वांत आजारी असलेली पाच-सहा घ्या, उरलेली पुढच्या दोन हंगामांत. माती ओली गच्च असताना हात घालायचा नाही, कडक वाळलेली असतानाही नाही. वाफसा आला की काम करायचं. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्यानं टोचला की भुगा व्हावा, इतपत ओल. काळी माती ओली असताना चिवडली की पुन्हा वाळताना विटेसारखी होते, हे शेतकऱ्याच्या घरच्या लेकीला मी काय सांगणार.

कुंडी आडवी करा, कडेनं जुन्या सुरीचं पातं फिरवा आणि गड्डा बाहेर घ्या. मग जरा थांबून बघा. भिंतीला लागून गोल-गोल फिरलेल्या मुळांचं जाळं दिसेल. पांढरट, पिवळसर, टणक मुळं निरोगी. तपकिरी, बोटानं ओढल्यावर साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो ती सडलेली. त्यांना गटारासारखा वासही येतो. सडलेली सगळी काढा. गोल फिरलेली बाहेरची मुळं धारदार कात्रीनं छाटा, गड्ड्याच्या कडेचा आणि तळाचा साधारण एक चतुर्थांश भाग काढून टाका. मधला गड्डा फोडायचा नाही. बाहेरून काडीनं हलकेच उकरून मुळांची टोकं मोकळी करा, म्हणजे ती नव्या मिश्रणात शिरतील. गुळगुळीत, घट्ट गड्डा तसाच नव्या मातीत ठेवला तर पाणी भोवतालच्या मोकळ्या मातीतून निघून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो. मुळं छाटली तेवढी वरची फांदीही थोडी कमी करा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या, कडेला पाण्यासाठी दोन इंच जागा सोडा, एकदा भरपूर पाणी द्या आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खताचं नाव नको.

चिकूचा ड्रम तुम्हाला आडवा करता येणार नाही, आणि करूही नका. तो जागेवरच सुधारायचा. वाफसा असताना कडेच्या बाजूला, बुंध्यापासून लांब, लहान पहारीनं तळापर्यंत जाणारी पाच-सहा भोकं पाडा, मनगटाएवढी रुंद. माती उकरून काढा आणि त्यांत नवं मिश्रण ठासून न भरता सैल भरा. काही मुळं तुटतील, झाड ते सोसतं. पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या बाजूला तसंच. तीन-चार वर्षांत कडेची बरीचशी माती बदलून होईल. जड कुंड्यांतल्या कोणत्याही जुन्या झाडाला हीच रीत चालते, मग तो आंबा असो की पारिजातक.

ड्रमवरून आठवलं. भंगारातून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होतं हे विचारल्याशिवाय त्यात खायचं काही लावू नये. तुमचे ड्रम चार वर्षं वापरात आहेत, तरी विचारता आलं तर विचारून घ्या. नवे घ्याल तेव्हा लक्षात असू द्या.

मुलाची स्लॅबची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. अर्ध्या ड्रममध्ये साधारण 100 लिटर माती मावते. ती ओली काळी माती 170-180 किलो भरते. वावर असलेल्या गच्चीसाठी आराखड्यात सामान्यतः चौरस मीटरला 150 किलो वापराचा भार धरलेला असतो. एकेक ड्रम दूर-दूर असेल तर भार पसरतो, चार ड्रम गच्चीच्या मधोमध एकत्र असतील तर नाही. म्हणून जड ड्रम भिंतींच्या आणि तुळयांच्या वर, कडेनं हलवा आणि एकदा इंजिनिअरला दाखवा. नव्या मिश्रणानं तोच ड्रम पन्नासेक किलोनं हलका होईल. सगळ्या कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर दोन-तीन इंच उचलून ठेवा. भोकं मोकळी राहतात, खालची फरशी वाळते, गळतीची शंका आली तर बघताही येतं. मुलालाच हे काम सांगा, म्हणजे तुमच्या बागेत त्याचाही हात लागेल.

वर्षभराचं वेळापत्रक थोडक्यात. श्रावणापर्यंतच्या धो-धो पावसात पाण्याबरोबर नत्र धुऊन जातं, म्हणून गणपतीच्या सुमारास प्रत्येक मोठ्या कुंडीला दोन-तीन ओंजळी गांडूळखत. गुलाबाची छाटणी दसऱ्याच्या आसपास, तेव्हाच सगळ्या कुंड्यांची वरची दोन इंच माती खरवडून काढा आणि तिथं नवं खत घाला. पौषात निफाडची थंडी नाशिकपर्यंत येते, झाडं निजतात. तेव्हा पाणी कमी आणि खत बंद. माघ-फाल्गुनात पालवी फुटताना पुन्हा खत. चैत्रापासून कुंडीवर तीन इंच आच्छादन हवंच: पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवरची वाळलेली चिपाडं, जे मिळेल ते. पश्चिमेच्या उन्हात काळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या भिंतीला लागलेली मुळं अक्षरशः शिजतात, म्हणून ड्रमच्या त्या बाजूला बारदान गुंडाळा किंवा बाहेरून पांढरा रंग द्या. पाण्याला ठरलेला वार नको. बोट दोन इंच आत घाला, ओल लागली तर आज पाणी नाही.

आणि खत विकत आणायच्या आधी रस्त्यावर बघा. फाल्गुनात कॉलनीतल्या गुलमोहराची, पर्जन्यवृक्षाची, चिंचेची बारीक पानं झाडून पेटवली जातात. मला ते धूर बघवत नाहीत. गोणपाटात भरा, थोडं शेणपाणी शिंपडा, सावलीत ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा, ओल टिकवा. ही बारीक पानं पावसाळा संपेपर्यंत काळं, भुसभुशीत खत होतात. आंबा, फणसाच्या जाड पानांना जास्त वेळ लागतो, ती आच्छादनाला बरी. गणितज्ञ श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या प्रयोग परिवारानं महाराष्ट्रभर सांगितलं ते हेच: पालापाचोळ्यातून घरच्या घरी माती तयार करता येते. तुमच्या कॉलनीत आणखी दोन-तीन घरी कुंड्या असतील तर झाडलोट करणाऱ्या मावशींशी बोलून पिशव्या एकाच कोपऱ्यात ठेवा.

काळी माती उरेल, बरीच उरेल. तिला उन्हात पसरा, ढेकळं फोडा, काशा वेचा. पुढच्या हंगामातल्या कुंड्यांपुरती गोण्यांत भरून कोरड्यात ठेवा. त्याहून जास्त असेल ती कॉलनीच्या बागेतल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांत जमिनीवर पातळ पसरवा. जमिनीवर तिला खोली मिळते, तिथं ती चांगलीच वागेल. भावाला मात्र हे आधी फोनवर सांगा. माती टाकली असं त्यांच्या कानावर बाहेरून जाण्यापेक्षा, प्रत्येक कुंडीत तिचा एक भाग ठेवलाय हे तुमच्याकडून कळलेलं बरं. बोलता-बोलता हिराकस आणि कुजलेलं शेणखतही मागून घ्या.

सुरुवात लिंबापासून करा, मग अंजीर, मग मोगरा. कढीपत्ता हिरवागार आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला यंदा हात लावू नका. त्याची पाळी फेब्रुवारीत, पालवी फुटायच्या आधी. लिंबाचा गड्डा बाहेर काढलात की मुळांचा उजेडात एक फोटो घेऊन पाठवा. निम्म्याहून जास्त मुळं तपकिरी निघाली तर त्याच कुंडीत परत न लावता काही महिने लहान कुंडीत ठेवावं लागेल, त्याचं मिश्रण वेगळं, ते मी तेव्हा कळवीन.